भुई दाखवण्याआधी

जळगावच्या एका सूतगिरणीत दुपारची सुट्टी झाली, तसे लीलाधरनाना आणि त्यांचा मदतनीस वना कंडेन्सरच्या खोलीकडे निघाले. काम साधंच होतं. मोटारींना फिरायला जो जास्तीचा प्रवाह लागतो, तो पुरवणाऱ्या लोखंडी डब्यांपैकी एकातून तेल झिरपत होतं. नट आवळायचा, एवढंच. नाना गिरणीचे म्हातारे इंजिनिअर. विलायतेत शिकलेले, पण कुलूप लावलं की नाही हे परत परत जाऊन पाहणारे.

नानांनी मेन स्विच ओढला. खोलीतला दिवा विझला.

"दिवा गया, बठ्ठं गयं," वना म्हणाला; दिवा विझला म्हणजे सगळी वीज गेली, असा त्याचा हिशेब. "चला नाना, भूक लागनी."

"थांब. आधी भुई दाखवू दे."

लाकडी दांडीची तांब्याची सळई टेकवून डब्यात साठलेली वीज जमिनीत सोडायची, त्याला गिरणीत असं म्हणत. मागच्या साली वनाचा थोरला भाऊ चुडामण, दिवा विझलेला पाहून, भुई न दाखवताच याच खोलीत गेला होता. तो परत आला नाही.

"तुमी भ्यातस फार, नाना." वनानं हसत पान्यासकट हात पुढे केला.

आणि डबे गुणगुणू लागले.

गिरणी चालू असताना प्रवाहाची लहर बिघडली, की नेहमीच्या घरघरीवर असा बारीक, उंच सूर चढे. नाना त्याला हार्मोनिक म्हणत, तो का उठतो ते कागदावर मांडून दाखवत. पण आता मोटारी थांबलेल्या होत्या, तारेत प्रवाह नव्हता. तरी सूर चढतच गेला. करपट वास सुटला. वनानं हात मागे ओढला.

"नाना... हाई काय शे?"

नानांना वाटलं, आपलेच कान म्हातारे झाले असतील... त्यांनी दांडी उचलली. हात इतके कापत होते, की सळई डब्याच्या टोकाला लागेना. मग ती एकाएकी स्थिर झाली आणि नेमकी टेकली. काड्‌कन निळी ठिणगी उडाली, भिंती उजळल्या. सूर थांबला.

एवढी वीज डब्यात होती. वनाचा हात तिथंच जात होता.



"वाचलास रे, पोरा..."

वना त्यांच्या हाताकडे बघत होता.

"नाना... दांडी तुमीच धरेल व्हती ना?"

नानांनी मूठ सोडली. लाकडावर त्यांच्या घामाची ओल उमटली होती. तिच्या वर, वीतभर अंतरावर, आणखी एका मुठीची ओल होती.

नानांची ओल दारातून येणाऱ्या उन्हाच्या झळेत लगेच वाळली. वरची वाळेना.