दिगूमामाच्या मिशा

त्या काळी इचलकरंजीत लहान मूल आजारी पडलं की रुग्णवाहिकेची माणसं मुलापेक्षा घरच्यांनाच जास्त तपासत. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण शिवदास मगदुमाला नऊ वर्षांत एकदाही आलं नव्हतं. त्याचं कामच ते. जिने चढायचे, माणसांच्या मनगटांना धास्तीपट्टा बांधायचा आणि त्यांच्या शिव्या खायच्या.

त्या भरदुपारी तिसऱ्या मजल्यावर तो धापा टाकत पोचला, तर दारातच भांडण जुंपलेलं.

"गाडी कुणी बोलावली?" त्यानं विचारलं.

"आमच्या सूनबाईंच्या बंधुराजांनी!" सासूबाई कडाडल्या. "दीड वर्ष बहिणीच्या सासरी पलंग अडवून बसलाय. ना नोकरी, ना धंदा. आता हे एक नवीन!"

हे बंधुराज, म्हणजे दिगूमामा, स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. अंगानं काडी आणि मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या.

दहा महिन्यांचा ओजस आईच्या, मृणालच्या मांडीवर गप्प पडला होता. शिवदासनं मोजलं. नाडी मिनिटाला एकशे साठ, श्वास पंचेचाळीस. मोठ्या माणसाचे असे आकडे असते तर त्यानं त्याला खांद्यावर टाकून पळत नेलं असतं. एवढ्याशा बाळाला ते खपून जातात.

"दात येताहेत हो," मृणाल म्हणाली. ती सकाळीच सूतगिरणीतली रात्रपाळी करून आली होती. शिवदास तिच्या मनगटाला पट्टा बांधू लागला, तशी ती चिडली. "बरं बाळाला नाही, आणि हे मला कशाला?"

पट्ट्यातून आवाज आला. हा पट्टा शोधून काढणाऱ्या डॉक्टर पाध्ये कोल्हापुरात बसून असत आणि असल्या प्रश्नांना स्वतः उत्तरं देत.

"ताई, लहान मुलाचं शरीर पक्कं नाटकी असतं. आतून ढासळत असलं तरी नाडी वाढवून, रक्तवाहिन्या आवळून सगळं ठीक असल्याचं सोंग आणतं. झेपेनासं झालं की एकदम मान टाकतं. आकड्यांवर बसलो तर उशीर होतो. पण मुलाला रोज घेणारे हात त्याचा श्वास, ऊब, वजन नकळत पाठ करून ठेवतात. त्यात काही चुकलं की मनाला कळायच्या आत कातडीला कळतं, घाम बदलतो. पट्टा तेवढंच वाचतो. फक्त मूल मांडीवर हवं."

मृणालचा पट्टा हिरवा. बाळ सासूबाईंच्या मांडीवर दिलं. तोंडानं एवढा आकांत, तरी हिरवा.

"दोन हिरवे. नियमानं गाडी परत," शिवदास करवादला. "मॅडम, एक दिवस तुमचा हा पट्टा मी पंचगंगेत फेकणार आहे. तीन मजले चढवतो आणि उतरवतो!"

"मगदूम, घरात अजून कुणी आहे?"

"मामा आहेत. पण तुमच्या यादीत आई, बाप, आजी-आजोबा. मामा नाही. आणि बाप गेलाय सुरतेला."

"त्यानं आज सकाळपासून माझ्या मिशा ओढल्या नाहीत," दिगूमामा हळूच म्हणाले.

"घ्या!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "मिशांपायी सरकारी गाडी!"

शिवदासचं डोकं सणकलं. "बसा हो मामा! तुमचीही हौस फिटू दे." त्यानं ओजसला त्यांच्या मांडीवर जवळजवळ आदळलंच आणि पट्टा बांधला.

मामांनी सवयीनं मान खाली केली. मिशा बाळाच्या मुठीपाशी आल्या. मूठ उघडली नाही.

पट्टा लालभडक झाला आणि शिट्टी मारू लागला.

मग तीन मजले कसे उतरले ते शिवदासला आठवत नाही. ज्याचा पट्टा लाल तो बाळापाशी आणि बाकीचे पुढं, असा नियम. मृणाल पुढच्या बाकावरून मागं वळून वळून बघत राहिली.

आतड्यात आतडं शिरलं होतं. "आणखी दोन तास गेले असते तर..." सर्जनबाई म्हणाल्या. ओजस वाचला.

संध्याकाळी शिवदास कागद घेऊन आला. 'बालकाची सर्वांत जवळची व्यक्ती' या रकान्यात यंत्रानं परस्पर छापलं होतं: दिगंबर, मामा. आणि शेजारी: 'यापुढील सर्व संमती यांचीच.' खाली आईनं वाचून सही करायची जागा.

मृणालनं सही केली. पेन परत देताना विचारलं, "तो पट्टा बिघडलेलाच आहे ना हो?"

"बिघडलेलाच, ताई," शिवदास म्हणाला. "सकाळपासून."

पट्टा त्याच्या खिशात होता, ठणठणीत. घरी न्यायची त्याला मनाई होती. त्यानं एकदा नेला होता. मुलगी तापानं फणफणली होती. बायकोच्या मनगटावर पट्टा लाल झाला, मग मुलीला मांडीवर घेऊन त्यानं तो स्वतःच्याच मनगटाला बांधून पाहिला.

हिरवा.

तेव्हापासून तो जिने चढताना पट्ट्याला शिव्या देत असे.