जैनबबीची उकडलेली अंडी

"सोनाजीनं माझी अंडी उकडली, जमादारसाहेब! चला, न्हाईतर आज त्याचं डोकं फुटतंय!"

जवळा बाजारची जैनबबी दारातूनच ओरडली. निजामाच्या पोलिसातली जमादारी सोडून मोहनसिंग आता खासगी तपास करायचे. ते उठले, तसे त्यांचे सोबती तातेरावही निघाले.

अंगणात जैनबबीचा नवरा अल्लाबक्ष आणि धाकटा दीर कादर काठ्या घेऊन उभे होते. समोर कुंपणापलीकडं शेजारचा सोनाजी, काठीनिशीच.

जैनबबीच्या असील जातीच्या कोंबडीखालची अंडी आज फुटायची होती. एकही उलेना, म्हणून तिनं एक फोडलं, तर आत घट्ट उकडलेला बलक!

"अंडी तुमचीच कशावरून?" मोहनसिंगांनी विचारलं.

"बसवली तवाच कोळशानं रेघ ओढलेली हाय."

मोहनसिंगांनी एक अंडं चोळलं. अंगठा काळा झाला.

सोनाजी गुरकावला, "अंडी उकडून टाकीन, असं चारचौघांत म्हणलो व्हय! हिच्या कोंबड्यांनी माझी पेरलेली ज्वारी उकरली. पर या अंगणात पाय न्हाई ठेवला."

कादरची बायको खुर्शीदबी याच अंगणात वेगळ्या चुलीवर राहायची. ती आपल्या कोंबडीच्या डालग्यापुढं बसली होती. मोहनसिंगांनी तिलाही अंड्यांबद्दल विचारलं.

"मला काहून विचारता? माझी कोंबडी मी कालच अंड्यावर बसवली."

तातेरावांना बारीक चिवचिव ऐकू आली. अंगणात पिल्लू एकही नव्हतं. कान वाजत असतील, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं.

"सोनाजीला धरा," ते म्हणाले.

"उकळत्या पाण्यात कोळशाची रेघ टिकते का, तातेराव?" मोहनसिंग म्हणाले. "रेघ नंतर ओढली, आणि आत पिल्लू नाही, नुसता बलक; म्हणजे ही अंडी दुसरीच. सोनाजीला सूडच घ्यायचा असता, तर त्यानं खरी अंडी फोडली असती. खोटी खूण तोच करील, ज्याला खरी अंडी जिवंत हवीत. सोनाजीच्या धमकीमुळं आळ घ्यायला माणूस आयताच मिळाला."

ते डालग्याकडं वळले. "कालच बसवलीत ना, खुर्शीदबी? मग अंड्यांतून चिवचिव कशी येते? अंडं फुटायच्या तोंडावरच पिल्लू बोलतं."

त्यांनी डालगं उचललं. उललेल्या कवचावर पुसट, झिजलेली रेघ होती.

"व्हय, नेली!" खुर्शीदबी उसळली. "सासूचं दुखणं मी काढलं, आन् मरताना तिनं असील कोंबडी दिली थोरलीला!"

"पिल्लं निघाली की नेते," जैनबबी म्हणाली.

"माझ्या कोंबडीखाली निघालेली तुझ्या कोंबडीमागं जायची न्हाईत!"

"मग तुझी कोंबडी बी नेते!"

"हात तर लाव," कादर म्हणाला. अल्लाबक्षच्या शेजारून तो बायकोच्या बाजूला गेला आणि भावाकडं तोंड करून उभा राहिला. काठी त्यानं खाली ठेवली नाही.

सोनाजीची माफी मागायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. तो घरी निघून गेला.