थांबलेले बुडबुडे

"एकशे बारा, एकशे तेरा... चंचल, मधे बोलू नको. माझं मोजणं चुकते."

"मी कुठं बोलून राह्यली? मी तर तीळगूळ खाऊन राह्यली."

"खाता खाता बोलून राह्यली."

लखन विहिरीच्या काठावर पालथा पडून पाण्याकडे बघत होता. खालून चांदीच्या मण्यांसारखे बुडबुडे येत आणि पृष्ठभागावर फुटत. त्याच्या बाजूला शेजारच्या घरची चंचल बसली होती, आणि त्याची थोरली बहीण मयूरीताई गाठी मारलेला दोर हातात धरून उभी होती. पाण्याखाली होता त्यांचा भूषणकाका.

तेलंगणात, आदिलाबादजवळच्या मावला गावापुढच्या या शेतात संक्रांतीची सुट्टी तशी शांतच जायची. पण काल सकाळी कौशल्याआत्या देवीचा चांदीचा मुखवटा आणि छत्र विहिरीच्या पायरीवर घासत असताना परडी कलंडली, आणि दोन्ही वस्तू पाण्यात गेल्या. आत्या रोज पहाटे त्या देवीपुढे निरांजन लावल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसत. कालपासून त्या जेवल्या नव्हत्या. बरं झालं, मालवणला पर्यटकांना समुद्रात डुबकी शिकवणारा त्यांचा धाकटा भाऊ भूषण सुट्टीला घरी होता, आणि हैदराबादच्या एका शिबिरासाठी हवेची टाकीसुद्धा बरोबर घेऊन आला होता.

सकाळी आधी त्याने पोरांना एक गंमत दाखवली होती. तळाशी जाऊन त्याने टाकीतल्या हवेने एक लाल फुगा गच्च फुगवून सोडला. फुगा वर येता येता मोठा होत गेला आणि पाण्याबाहेर डोकं काढण्याआधीच फाटला.

"खाली हवा दबलेली असते," काकाने सांगितलं होतं. "वर येताना ती पसरते. आपल्या छातीतही असेच दोन फुगे हायत. म्हणून टाकीतली हवा घेणाऱ्यानं वर येताना श्वास कधी कोंडायचा नाई. हळूहळू सोडत राहायचा. आणि शेवटचे पंधरा फूट सगळ्यात वाईट, तिथं हवा लई झपाट्यानं पसरते."

मग त्याने लखनला बुडबुडे मोजायला बसवलं आणि मयूरीच्या हातात एक प्लास्टिकचं कार्ड दिलं. त्यावर डुबकीनंतरची धोक्याची लक्षणं लिहिली होती.

"एकशे एकोणचाळीस, एकशे चाळीस..." लखन थांबला. "मयूताई, बुडबुडे बंद झाले."

"नीट पाह्य."

"पाहूनच राह्यलो. दोराच्या तिसऱ्या गाठीपाशी काका दिसून राह्यला, पण बुडबुडे नाईत."

मयूरी दोर ओढणार, तेवढ्यात पाणी दुभंगलं. काकाचं डोकं वर आलं. त्याने तोंडातली नळी काढली. त्याच्या छातीशी देवीचा मुखवटा होता, लहान बाळासारखा धरलेला.

आत्यांनी पदर तोंडाला लावला आणि ओल्या मुखवट्याला दोन्ही हात दिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लखनचे बाबा, म्हणजे उत्तमराव, भावाला पायरीवर ओढून घेत म्हणाले, "शाब्बास रे भूषण! आता छत्र तेवढं काढ. चार वाजता पूजा हाये."

"काढतो," काका म्हणाला. "थोडा दम घेतो."

चंचल खुदकन हसली. "काका बदकावानी बोलून राह्यले."

खरंच, आवाज वेगळाच येत होता. घोगरा आणि नाकातून आल्यासारखा.

"थंडीत पाण्यात गेला तो, घसा बसला असंल," उत्तमराव म्हणाले. "कौशल्या, याला गुळाचा चहा दे."

काका पायरीवर बसला. चहाचा पेला त्याने हातात घेतला, पण प्यायला नाही. मधूनच तो छातीच्या मधोमध तळहात दाबत होता. मयूरीने ते पाहिलं. तिने लखन आणि चंचलला कापसाच्या ढिगाआड बोलावलं.

"लखन, बुडबुडे कुठून बंद झाले?"

"तिसऱ्या गाठीपासून. पाण्यापासून पाच-पाच फुटांवर गाठी हायत, म्हंजे वरचे पंधरा फूट."

"तेच ते पंधरा फूट," मयूरी हळूच म्हणाली. तिने खिशातलं कार्ड काढलं. "आवाज बदलणे. छातीत दुखणे. मानेला सूज, हात लावल्यास कुरकुर. दम लागणे, खोकला. हातपाय बधिर होणे... चंचल, तू जा. काकाला तीळगूळ दे आणि गळ्याला मिठी मार. मान कशी लागते ते सांग."

"मिठी काऊन?"

"कारण तू रोजच मारते. तुझ्यावर कोणी संशय घेणार नाई."

चंचल गेली. तिने तीळगूळ दिला, "गोड बोला" म्हटलं आणि काकाच्या गळ्यात हात टाकले. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"मान फुगली काकाची. अन दाबलं तर आतून कुरकुर करते. लाह्यांवर हात ठेवल्यासारखी."

मयूरी सरळ काकापाशी गेली. "काका, दोन्ही हात वर करा. दोन्ही सारखे वर होतात? आता हसा. हाताला मुंग्या येऊन राह्यल्या का?"

"नाई," काका म्हणाला. त्याला मधेच खोकला आला.

"वर येताना श्वास धरला होता ना तुमी?"

 काकाने विहिरीच्या देवळीत आत्यांनी ठेवलेल्या मुखवट्याकडे पाहिलं.

"देवी माझ्या तोंडाजवळ होती गं मयू. तिच्यावर श्वास कसा सोडू? लहानपणापासून ताईनं तोंडाला कापड बांधल्याबिगर तिला हात लावू दिला नाई. ती जवळ आली अन मी आपोआपच श्वास रोखला. थोडंच तर अंतर होतं."

"पंधरा फूट होतं. फुगा तेवढ्यातच फाटला."



"बाबा," मयूरी वळून म्हणाली, "काकाला पाण्यात पाठवू नका. त्याच्या फुप्फुसाला लागलं हाये."

"फुप्फुसाला कुठं लागलं? पायावर चालून राह्यला तो." उत्तमरावांनी पागोटं सारखं केलं. "दोन पुस्तकं वाचली की डॉक्टर झाली का? भूषण, तू पंधरा मिनिटांत जा. गावात काय तोंड दाखवू मी? देवी बिनछत्राची बसली म्हणतील."

"जातो दादा," काका म्हणाला. त्याला वाटत होतं, पूजेला उशीर होऊन ताईचा उपास आपल्यामुळे लांबू नये.

मयूरीने लखनकडे पाहिलं. लखनने मान डोलावली. तोंडात धरायची ती रबरी नळी टाकीपासून फिरवून काढायची असते, हे त्याने सकाळीच पाहून ठेवलं होतं. उत्तमराव देवीची परडी आणायला झोपडीत गेले, तेवढ्यात नळी कापसाच्या ढिगात गेली आणि ढिगावर चंचल बसली.

मयूरी आत्यांजवळ गेली आणि त्यांच्या पायांशी बसली. "आत्या, तुमचा फोन द्या. काकाला खरंच बरं नाई. तुमी विचारू नका, फक्त द्या."

आत्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि कमरेच्या पिशवीतून फोन काढून दिला. रुग्णवाहिकेच्या एकशे आठ नंबरवर बोलणाऱ्या बाईंशी मयूरी शाळेत शिकलेल्या तेलुगूत बोलली, सावकाश आणि स्पष्ट: "टाकीतली हवा घेऊन पाण्याखालून वर आलेला माणूस. वर येताना श्वास धरला. आवाज बदलला, मान सुजली, छातीत दुखते. ऑक्सिजन लागेल."

"नळी कुठं गेली?" उत्तमराव झोपडीतून बाहेर येताच ओरडले. "चंचल, तू पाह्यली का?"

"मी तर बसली हाये इथंच, मोठेबाबा."

"ऊठ तिथून."

"पायाला मुंग्या आल्या. उठता येत नाई."

"लखन, तू सांग."

"बाबा, सांगीन. दहा मिनिटं द्या."

उत्तमराव मुलावर हात उगारणार, तोच काकाला जोराचा खोकला आला. त्याने रुमाल तोंडाला लावला. रुमालावर गुलाबी डाग उमटला. उत्तमरावांचा हात हवेतच राहिला.

"भूषण..." त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "त्या टाकीतली हवा द्यायची का याला?"

"ती साधीच हवा हाये बाबा, ऑक्सिजन नाई," मयूरी म्हणाली. "काका, उतानं पडा. उठायचं नाई, चालायचं नाई. आत्या, तुमचं घोंगडं द्या."

आत्यांनी घोंगडं पसरलं, भावाचा हात हातात घेतला आणि ओठ न हलवता नामस्मरण सुरू केलं. लखन काकाच्या श्वासाकडे बघत बसला. आता तो बुडबुडे नाही, श्वास मोजत होता.

धुळीचा लोट उडवत गाडी आली. गाडीतल्या माणसाने काकाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसवला. आदिलाबादच्या दवाखान्यात डॉक्टर रश्मी आधीच तयार होत्या. त्यांनी मान चाचपली, छातीचा फोटो काढला, हातापायांची ताकद तपासली आणि पाण्यातल्या इजांच्या एका जाणकार डॉक्टरांना फोन लावला. संध्याकाळी त्या बाहेर आल्या.

"फुप्फुसातून हवा गळून मानेपर्यंत आली होती. ऑक्सिजनने उतरेल. दोन-तीन दिवस इथेच राहू द्या. विमानाचा प्रवास आता नको, आणि तज्ज्ञांनी हो म्हटल्याशिवाय डुबकी तर नाहीच. परत पाण्यात गेले असते, तर मला तुमच्याशी असं बोलता आलं नसतं." त्यांनी मयूरीकडे पाहिलं. "फोनवर 'टाकीतली हवा' असं कोणी सांगितलं? ते शब्द नसते, तर आम्ही आधी सर्दी-दम्याच्याच मागे लागलो असतो."

उत्तमराव बाकावर खाली मान घालून बसले होते. त्यांनी लखनच्या डोक्यावर हात ठेवला. "नळी कुठं लपवली होती रे?"

"कापसात."

"हुशार हायस." त्यांनी डोळे पुसले. "मी मात्र आज काही हुशार नव्हतो."

दुसऱ्या दिवशी लखनने बाबांना एक साधीच गोष्ट विचारली: मुखवटा गुळगुळीत, त्याला आकडा लागला नसता, पण छत्राला तर वर कडी आहे, मग आकडाच टाकला तर? उत्तमरावांनी दोराला लोखंडी आकडे बांधले. तिसऱ्या खेपेला छत्र वर आलं. त्यासाठी कुणाला पाण्यात जावं लागलं नाही.

चौथ्या दिवशी काका घरी आला. त्याचा आवाज अजून घोगरा होता, पण मान आता सपाट होती. चंचलने दाबून खात्री करून घेतली. आत्यांनी निरांजन लावलं. मुखवट्यावर छत्र लावायला त्यांनी तिघा पोरांना पुढे बोलावलं. लखनने सवयीने खिशातला रुमाल तोंडाला लावला आणि श्वास रोखून हात पुढे केला.

आत्यांनी हळूच तो रुमाल खाली ओढला.

"श्वास तिनंच दिला रे बाळा," त्या म्हणाल्या. "तिच्यासमोर घ्यायला काय हरकत? घे. मोठ्यानं घे."

लखनने छाती भरून श्वास घेतला. मागे उभ्या भूषणकाकानेही घेतला, आणि हळूहळू, सगळ्यांना ऐकू येईल असा सोडला.