माझा स्वार्थ आहे यात

सोलापूर कोर्टाच्या मध्यस्थी कक्षात आमची पहिली भेट झाली. मी मंद्रूपच्या चन्नम्मा आजींची वकील आणि मृत्युंजय त्यांच्या दिराचा. जमिनीच्या वाटणीवरून सकाळपासून ताणाताण चालली होती. दुसऱ्या कोर्टात पुकारा झाला म्हणून मी पाच मिनिटं बाहेर गेले. परत आले तर आजी म्हणत होत्या, "सही कुटं करू, सांगा की. लई दमले मी."

आणि मृत्युंजय... तडजोडीचा कागद स्वतःकडे ओढत होता!

"आज नको, आजी. दमलेलं माणूस कशालाही हो म्हणतं. घरी नीट वाचून घ्या, सोमवारी बघू."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुमचे पक्षकार रागावले असतील?"

"खूप," तो हसला. "चहा पाजता?"

त्या चहाला वर्ष झालं. रोज कँटीनमध्ये भांडायचो, हसायचो... मनातलं मात्र कुणीच बोललं नाही. मग तो न्यायाधीशाच्या परीक्षेत पास झाला. नेमणूक थेट गडचिरोलीला.

त्या दिवशी युक्तिवाद करून तो उपाशीच आला होता. "हेमावती, जाऊ की राहू? तू म्हणशील ते."

'तुझे बाबा इथं एकटे पडतील,' एवढंच म्हटलं असतं, तर तो राहिला असता. मला नेमकं माहीत होतं. शब्द ओठांवर आलेही...

"मला विचारू नकोस," मी म्हणाले. "माझा स्वार्थ आहे यात."

"कसला?"

"तू गेलास तर मला इथं करमणार नाही. म्हणून माझा सल्ला मानू नकोस. आधी जेव, दोन दिवस जाऊ देत, मग ठरव."

त्याचे कान लाल झाले. "हे आधी सांगायचं होतंस की!"

"तू विचारलंस कधी?"

तिसऱ्या दिवशी तो आला. "जातोय," म्हणाला. "तुझ्यासाठी राहिलो असतो, तर कधीतरी तुझ्यावरच चिडलो असतो." माझा हात त्यानं क्षणभर धरला – आणि गेला.

श्रावण सरला, दिवाळी झाली. आमचे फोन व्हायचे, पण 'ये' असं तो एकदाही म्हणाला नाही. पुकारा झाला की माझी नजर आपोआप समोरच्या बाकाकडे जायची. तिथं दुसरंच कुणीतरी असायचं.

एका रविवारी मीच फोन लावला.

"गडचिरोलीत वकिलाला काम मिळतं का रे?"

पलीकडून तो म्हणाला, "माझ्या कोर्टात बायकोला उभं राहता येणार नाही हं."

"तुझ्या कोर्टात उभं राहायचंय कुणाला!"

तो हसला. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "कधी येतेस?"