बँकॉकमधला जळफळाट

लखनौच्या अमौसी विमानतळावरच्या रांगेत सावनीनं ट्रॉली घातली ती थेट त्याच्या पायावर.

"सॉरी हाँ, भैया!"

"कोई बात नहीं, दूसरा पैर है ना," तो हसून म्हणाला.

अय्या, काय हसला! लखनौत आम्हा मराठी पोरींना एक खोड आहे — कुणाहीबद्दल त्याच्यासमोरच बिनधास्त मराठीत बोलायचं. मी सावनीला म्हटलं, "दिसतो छान गं. पण कान बघ... सुपाएवढे!"

गोमती नगरच्या मॉलमधल्या लकी ड्रॉत मला बँकॉकची दोघांची ट्रिप लागली होती. सोबत माझी मैत्रीण सावनीच हवी, कारण ती कशालाच घाबरत नाही आणि मी कशालाही घाबरते. आणि नशीब बघा, सुपाएवढ्या कानांचा हा अनुप आमच्याच ग्रुपमध्ये निघाला. एकटाच!

पहिल्या दिवशी सावनीनं बाजारात तळलेला विंचू खाल्ला. त्यानंही खाल्ला. दुसऱ्या दिवशी दोघं दोरीला लटकून झाडांवरून किंचाळत गेली, आणि मी खाली बॅगा सांभाळत हमालासारखी उभी. परत आल्यावर त्यानं माझ्या हातात शहाळं ठेवलं. "धूप बहुत है, उत्कर्षा जी." बोटं ओझरती लागली... माझा राग निम्मा उतरला. तेवढ्यात सावनीनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला.

तिसऱ्या संध्याकाळी बोटीत होतो. पावसाची सर आली. सावनी खुशाल घुसली त्याच्या छत्रीत! मग मात्र मी त्याच्यासमोरच मराठीत सुटले.

"किती चिकटशील गं? मला आवडतो तो, दिसत नाही तुला?"

"मग सांग ना त्याला!"

"मी कशाला सांगू? त्याला कळायला नको? बिनडोक आहे नुसता!"

अनुप नदीकडे बघत राहिला.

परतलो. अमौसीला सामानाच्या पट्ट्यापाशी उभे होतो. आता हा सावनीचा नंबर घेणार आणि जाणार — नुसत्या विचारानंच मी ट्रॉली पट्ट्यावर आदळली. इतक्यात त्याचा फोन वाजला. पलीकडचा खणखणीत आवाज मलाही ऐकू आला, "अनुप, उतरलास का रे बाळा? भाकऱ्या टाकू?"

"हाँ आई, उतर गया. डाल दो."

मी जागच्या जागी गार! चार दिवसांत काय काय बोलले होते मी...

"तुम्हाला मराठी येते?"

"घर में सगळे बोलतात. मैं समझता हूँ... बोलायला लाज वाटते."

"आणि सावनीच्या मागं-मागं फिरायला नाही वाटली लाज?"

तो एकेक शब्द शोधत म्हणाला, "तिच्यासोबत गेलो की... तुम्ही चिडायच्या. चिडल्या की माझ्याबद्दल बोलायच्या. मला ते ऐकायचं होतं. विंचू काय उगाच खाल्ला?"

हसावं की याला बॅग फेकून मारावी, मला कळेना.

"हो, जळले मी! चार दिवस नुसती जळले. आवडतोस तू मला. घे, तोंडावर सांगितलं. आता तुझं बोल."

"मला पण... तूच," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

तिकडून सावनी ओरडली, "अनुप, माझी बॅग उतरव ना, यार!"

तो सवयीनं निघालाच. मी त्याचा हात घट्ट धरला.

"तिची ती उतरवेल."

"हाँ... हो," तो म्हणाला आणि जागचा हलला नाही.