काचेपलीकडचे सात सेकंद

निरीक्षणाच्या खोलीत एक खुर्ची, एक हेडफोन, एक स्टॉपवॉच आणि भिंतीवर दोन बटणं होती. बटणांवर काहीच लिहिलेलं नव्हतं. पंखा हवा म्हणून मी डावं दाबलं... आणि दिवा लागला.

एकतर्फी काचेचं गणित सोपं आहे : जिकडे अंधार, तिकडून दिसतं. आता उजेड माझ्याकडे होता. पलीकडच्या वर्गातली बावीस मुलं आणि एक शिक्षक वळून माझ्याकडेच बघत होते.

"सर, आरशात बाई!"

"अरे वा," तो शिक्षक म्हणाला. "मग आत्तापर्यंत का नव्हत्या दिसत? घाई नाही. विचार करा."

आणि गप्प झाला. मी घाबरले होते, तरी बोटानं सवयीनं स्टॉपवॉच दाबलं. विद्यापीठाच्या या प्रायोगिक शाळेत मुलं शिकतात, आणि ती कशी शिकतात ते आम्ही शिकतो. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय. इतर वर्गांत सेकंदभर, की शिक्षक स्वतःच उत्तर देऊन मोकळे! हा सात सेकंद थांबला.

"तिकडे दिवा लागलाय म्हणून!" दोन वेण्यांची एक मुलगी ओरडली. वर्ग तिला शंकासुर म्हणायचा.

"खात्री कशी करायची?"

पुढची वीस मिनिटं मुलं सांगतील तसं मी निमूटपणे दिव्याचं बटण दाबत होते.

मधल्या सुट्टीत तो दाराशी आला. बाही खडूनं माखलेली, डोळ्यांत हसू.

"तुम्हाला कामाला जुंपलं."

"चूक माझीच होती."

"आमच्याकडे चुकीला पहिला प्रयत्न म्हणतात. काय मोजता हो तुम्ही?"

"सांगितलं तर तुम्ही बदलाल."

"मग नका सांगू. उद्याही दिवा लावाल?"

"उद्या पंखा लावेन."

घरी जेवताना मी पंख्याचीच गोष्ट सांगत बसले. ताई म्हणाली, "उकाडा फारच वाढलेला दिसतोय तुमच्या शाळेत!"

महिन्याअखेरीस आकडे मांडले. मी नसताना वर्गातला नुसता कॅमेरा चालू असे, त्या दिवशी तो सात सेकंद थांबायचा. दाराबाहेर माझी ओली छत्री दिसली, की नऊ — वरचे दोन काचेकडे बघत. आणि मी? त्या दोन सेकंदांत श्वास घ्यायला विसरायचे.

निरीक्षक आणि शिक्षक यांच्यात ओळखीपलीकडे काही नको, हा नियम होता. माझा अर्धा प्रबंध याच वर्गावर उभा होता. मी मार्गदर्शक मॅडमकडे गेले.

"या वर्गाची माझी मोजणी धरू नका. निरीक्षकाचा परिणाम झालाय."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणावर?"

"दोघांवर."

"वर्षभर लांबेल हं सगळं."

"लांबू दे, मॅडम."

तिथून निघाले ती काचेमागे गेलेच नाही. वर्गाच्या दारातून सरळ आत शिरले आणि स्टॉपवॉच शंकासुराच्या हातात दिलं.

"माझा प्रश्न संपला की दाब. उत्तर आलं की पुन्हा दाब."

मग त्याच्याकडे वळले. त्याच्या हातातला खडू हवेतच थांबला होता.

"आजपासून मी तुमची निरीक्षक नाही. बाहेर पाऊस आहे, छत्री एकच आहे... संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला याल?"

"घाई ना—" मागून कुणीतरी त्याचंच वाक्य सुरू केलं.

"येईन."

शंकासुरानं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं आणि मोठ्यानं वाचलं :

"शून्य पूर्णांक सहा सेकंद."