ठेवणीतला सोफा

हुदाला त्या दिवशी भांडायचं नव्हतं. हॉलच्या खिडकीला पडदा शिवायचा होता, म्हणून ती पनवेलच्या बाजारपेठेत स्वस्तातला कटपीस शोधत फिरत होती, आणि ऊन सोसेना म्हणून समोर दिसलं त्या दुकानात शिरली. आत एक तरुण शिलाई मशीनवर वाकला होता. त्याच्या हाताखालून जाड, पारदर्शक प्लॅस्टिक सरकत होतं. कडेला मरून पट्टी, पट्टीवर दुहेरी शिवण. ती शिवण हुदाने डोळे मिटूनही ओळखली असती. पाच वर्षं तिच्या सलवारी त्याच शिवणीला घासत होत्या.

“मशिदीमागच्या गल्लीत, खतीजाबींच्या सोफ्याला प्लॅस्टिकची कव्हरं तुम्ही शिवलीत?”

त्याने मान वर केली. डोळे हसरे होते. ते तिला लगेच दिसलं आणि त्याचाही राग आला.

“मरून सोफा ना? माझं पहिलं मोठं काम.” त्याचा चेहरा खुलला. “एक तरी टाका उसवला का?”

“नाही उसवला. तेच तर...” हुदाचं तोंड सुटलं. “मे महिन्यात त्याच्यावर बसलं की अंग चिकटतं. माझे अब्बा तिथे बसत नाहीत. स्वतःच्या घरात चटईवर बसतात. कळतंय का, काय शिवून ठेवलंय तुम्ही?”

“मला वाटलं, मी कव्हरं शिवली,” तो म्हणाला. “तुमच्या अम्मींनी सांगितलं तशी. पाणी देऊ?”

पाणी तिने घेतलं नाही. कापडही न घेता ती तरातरा निघाली, आणि नाक्यावर पोहोचल्यावर तिला आठवलं की छत्री त्याच्या काउंटरवरच राहिली.

राग खरं तर त्याच्यावर नव्हता. राग होता घरावर. अब्बा, म्हणजे जमाल, तेवीस वर्षं कुवेतला क्रेन चालवून महिन्यापूर्वी कायमचे परत आले होते. दर सुट्टीत त्यांनी आणलेलं सगळं घरात होतं आणि वापरायला काहीच नव्हतं. सोनेरी काठाचे कप शोकेसमध्ये, ब्लँकेटं चेनच्या पिशव्यांत, चादरी पाकिटांत. काही मेहमानांसाठी, काही हुदाच्या निकाहसाठी. घरच्यांना कान तुटलेले कप. आणि हे सगळं ज्याच्या घामाचं, तो माणूस आल्या दिवशी आंघोळ करून, खांद्यावर टॉवेल टाकून हॉलच्या दारात उभा राहून बायकोला विचारत होता, “खतीजा, मी इथे बसू का?”

“बसा ना,” अम्मी म्हणाली होती. “फक्त टॉवेल ओला नाही ना, तेवढं बघा.”

अब्बा गेले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी चटईवर बसले. तेव्हा हुदाच्या तळपायाची आग जी मस्तकात गेली, ती अजून उतरली नव्हती. त्यात परवा कुवेतहून जुन्या मालकाचा फोन आला. अजून दोन वर्षांसाठी या, महिनाअखेरीला कळवा. अब्बांनी नाही म्हटलं नाही. “तिकडे निदान माझी म्हणून एक खाट होती,” असं ते हसत हसत म्हणाले, आणि त्या हसण्याने हुदाला रडू फुटलं. महिना संपायच्या आत हे घर अब्बांचं झालं नाही, तर अब्बा पुन्हा जाणार होते.

दुसऱ्या दिवशी तिला छत्री मिळाली आणि त्याचं नाव रय्यान आहे हेही कळलं. कापड मात्र त्याने दिलं नाही.

“खिडकी केवढी आहे?”

“माहीत नाही. पुढे कपाट आहे.”

“मग पडदा कपाटाला लावणार?”

“विकायचं नसेल तर तसं सांगा.”

“विकायचंय. पण आधी कपाट हलवा. त्याला पैसे पडत नाहीत. उजेड कुठून येतो ते बघा, मग रंग ठरवू.”

सल्ला चांगला होता, म्हणूनच तिला तो मुळीच आवडला नाही. तरी जुम्म्याच्या नमाजहून अब्बा आले तेव्हा दोघांनी मिळून कपाट हलवलं. कित्येक वर्षांनी खिडकी उघडली. अब्बा बराच वेळ तिथे उभे राहिले. “हे बदामाचं झाड एवढं कधी झालं?” त्यांनी विचारलं.

मग हुदा पेटलीच. खारघरच्या शाळेत ती मुलांना चित्रकला शिकवायची. शाळेतून आली की ओढणी कमरेला खोचून कामाला लागायची. जुन्या ओढण्या जोडून तिने पडदा केला. चुन्यात पिवळी पूड कालवून एक भिंत रंगवली. तेलाच्या रिकाम्या डब्यांत पुदिना लावला. ट्यूबलाइट पुसली तर खोलीत दुप्पट उजेड पडला. प्रत्येक गोष्टीसाठी दुकानाची एक फेरी व्हायची, आणि प्रत्येक फेरीत एक भांडण.

“ओढण्यांना अस्तर लावा, नाहीतर उन्हात विटतील.”

“म्हणजे अस्तराचं कापड खपेल तुमचं.”

“जुनी चादर लावा. माझं काहीच खपवू नका.” रय्यानने सुईत दोरा ओवला. “तुम्ही रोज कापड बघायला येता, की भांडायला?”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला काही वाटत नाही. मी फक्त पाच वाजले, की पंखा तुमच्या खुर्चीकडे वळवून ठेवतो...”

हुदाने पंख्याकडे पाहिलं. पंखा खरंच तिच्याकडे वळलेला होता. त्या दिवशी ती भांडण अर्धंच टाकून उठली, आणि घरी पोहोचेपर्यंत स्वतःवरच चिडत राहिली.

अम्मी मात्र हटायला तयार नव्हती. हुदाने शोकेसमधून एक कप काढला, तर तिने तो हातातून घेतला, पदराने पुसला, परत ठेवला आणि किल्ली कमरेला अडकवली. “तुझ्यासाठीच ठेवलंय ना सगळं?” ती म्हणाली. “उद्या सासरी काय नेशील?”

महिनाअखेरीला चार दिवस राहिले तेव्हा हुदाने ब्लेड घेतलं आणि सोफ्याच्या एका बैठकीचं प्लॅस्टिक टराटरा कापून काढलं. अम्मी ओरडली नाही. तिने तो तुकडा उचलला, घडी केली, एक पिशवी काखेत मारली आणि बाहेर पडली.

पाच वाजता हुदा दुकानाशी गेली, तर तिच्या खुर्चीवर अम्मी बसलेली. काउंटरवर तोच प्लॅस्टिकचा तुकडा. “माप हेच,” अम्मी सांगत होती, “रविवारी घेऊन ये.” हुदा शेजारच्या दुकानाआड थांबली आणि अम्मी गेल्यावर आत घुसली.

“काम घेतलंत?”

“घेतलं.”

“माझ्या अब्बांचं सगळं माहीत असून?”

“हो.” रय्यानने नजर खाली वळवली. “हुदा, तुमच्या अम्मींनी माझ्याकडून शब्द घेतलाय. जास्त बोलता येणार नाही.”

त्याने तिला नावाने हाक मारली ती पहिल्यांदाच, आणि नेमकी आज. हुदाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं आहे, असं तिने स्वतःला बजावलं.

“मग माझाही शब्द घ्या. या दुकानाची पायरी मी पुन्हा चढणार नाही.”

तीन दिवस मोबाइलवर रय्यानचे मिस्ड कॉल येत राहिले. ती फोन उलटा ठेवायची, आणि थोड्या वेळाने सुलटा करून बघायची. शाळेत मुलं निळा रंग मागायची आणि ती त्यांना हिरवा द्यायची.

रविवारी सकाळी रय्यान बोचकं घेऊन दारात उभा. अब्बा चटईवर, शेजारी कुवेतच्या नंबराची डायरी. मालक आज फोन करणार होता. हुदा हाताची घडी घालून भिंतीशी उभी राहिली.

रय्यान सोफ्यापुढे गुडघ्यांवर बसला. खिशातून छोटी कात्री काढून त्याने आपलीच दुहेरी शिवण टाका टाका करून उसवली. सगळं प्लॅस्टिक निघालं. मग त्याने बोचकं सोडलं. आतून निघालं ते प्लॅस्टिक नव्हतं. सुती कव्हरं होती, फिकट निळी, पांढऱ्या फुलांची, कोपऱ्यांना बांधायला नाड्या.

अब्बा चटईवरून उठले. “खतीजा... या तर माझ्या पहिल्या सुट्टीतल्या चादरी.”

“एकवीस वर्षं पाकिटात होत्या,” अम्मी कुणाकडेही न बघता म्हणाली. “हा म्हणाला, घरातलंच जुनं सुती कापड द्या, प्लॅस्टिक मी आता शिवत नाही. म्हटलं, घे बाबा.” मग तिने रय्यानसोबत कव्हरं चढवून शेवटची नाडी बांधली. “बसा आता. टॉवेल ओला असला तरी चालेल. धुता येतात ही.”

अब्बा बसले. आधी काठावर, मग मागे टेकून, मग एक पाय वर घेऊन. अम्मीने कमरेची किल्ली काढली आणि शोकेस उघडलं. “हे कप आजपासून घरच्यांना,” ती म्हणाली, “मेहमानांना स्टीलचे पेले.” तेवढ्यात फोन वाजला. अब्बांनी उचलला, सलाम केला, पलीकडचं ऐकून घेतलं.

“नाही, साहेब,” ते म्हणाले. “नाही जमायचं. मी आत्ताच बसलोय.”

हुदा तडक बाहेर ओट्यावर गेली. मागून रय्यान आला.

“मला सांगता आलं नसतं?” ती डोळे पुसत म्हणाली.

“अम्मी म्हणाल्या, हुदाला कळलं तर तिला वाटेल ती जिंकली.”

“आणि मी तीन दिवस तुला मनातल्या मनात शिव्या देत बसले.”

“दुकानापर्यंत ऐकू येत होत्या.”

“हसू नकोस. मला अजून राग आहे.”

“किती दिवस राहील?”

“काय माहीत... जन्मभरही राहील.”

“मग जुम्म्याला माझ्या अम्मीला घेऊन येतो,” रय्यान हळूच म्हणाला. “एवढ्या रागाला दुकान पुरायचं नाही. घर लागेल.”

हुदाने त्याच्या बाहीला चिकटलेला निळा दोरा काढला आणि बोटाला गुंडाळत उभी राहिली.

“अरे, मेहमानाला उन्हात का उभं केलंय?” आतून अब्बांनी विचारलं.

“मेहमान कसला,” अम्मीचा आवाज आला. “त्याचा चहा सोनेरी काठाच्या कपात ओतलाय मी. आत बोलव त्याला, हुदा.”